नळी फाटली होती, पैसे टर्बोचे घेतले

अमळनेरहून संभाजीनगरला जाताना चाळीसगाव मागे पडून कन्नडचा घाट लागला, की आमची सात वर्षांची डिझेल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये निमूटपणे चढत असे. गेल्या मे महिन्यात मात्र दोन वळणे होताच तिचा दम गेला. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही वेग ३० च्या वर जाईना, मागे काळा धूर निघू लागला आणि समोर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबलो, पुन्हा सुरू केले, तर गाडी जणू काही झालेच नाही अशी चालू लागली आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच झाले.

परतल्यावर एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून गाडी जळगावच्या एका गॅरेजमध्ये नेली. गॅरेजचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेले नाही. तेथे स्कॅनर लावून मला पडद्यावरचा कोड दाखवण्यात आला: पी०२९९. टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. इंजिनाच्या संगणकाने त्याच्याकडून जेवढा हवेचा दाब मागितला तेवढा मिळाला नाही, एवढाच त्या कोडचा अर्थ. दाब का मिळाला नाही हे कोड सांगत नाही. टर्बो खराब असू शकतो, त्याचा दाब कमी-जास्त करणारा अ‍ॅक्च्युएटर अडकलेला असू शकतो, व्हॅक्यूमची बारीक नळी निसटलेली असू शकते, किंवा टर्बोने दाबलेली हवा इंजिनापर्यंत नेणारा इंटरकूलरचा (ती हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज, म्हणजे रबरी नळी, कोठेतरी फाटलेला असू शकतो. हे सारे मला नंतर कळले. त्या दिवशी ‘टर्बो गेला’ हे त्यांचे दोन शब्द मी प्रमाण मानले.

त्यांनी केवळ सांगितले नाही, दाखवलेही, आणि मी फसलो तो तेथेच. एअर फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोच्या पंख्याचा दांडा तेथल्या मेकॅनिकने बोटाने बाजूला हलवला आणि ‘बघा सर, प्ले आला आहे’, म्हणजे दांडा ढिला झाला आहे, असे म्हणून बोट पाइपच्या आतून फिरवून मला तेल दाखवले. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. परंतु बहुतेक टर्बोंचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरत असल्याने इंजिन बंद असताना तो बाजूला किंचित हलतोच. काळजी करायची ती तो मागेपुढे जाणवण्याइतका सरकत असेल किंवा पंख्याची पाती घरावर घासल्याच्या खुणा असतील तर. पाइपमधला तेलाचा हलका थर इंजिनातून येणाऱ्या वाफेचा असतो आणि काही वर्षे चाललेल्या डिझेल गाडीत तो सहसा सापडतोच. ‘आपल्या जळगावच्या ४४ अंशांत टर्बो टिकत नाही’ हे वाक्यही मला त्या वेळी पटले. ज्या यंत्रातून चढावर सातशे अंशांच्या आसपासचा धूर जातो, त्याला आपला उन्हाळा काय करणार, हा विचार मला सुचला नाही, आणि मी तर विज्ञानाचा शिक्षक!

टर्बोचे ३८,५००, मजुरीचे ४,५०० आणि ऑइल व फिल्टरचे ३,००० असे ४६,००० रुपये मी यूपीआयने दिले. हाती आला तो जीएसटी क्रमांक नसलेला हस्तलिखित कागद. जुना टर्बो मागितला, तेव्हा तो बदल्यात कंपनीकडे परत गेल्याचे उत्तर मिळाले. गाडी दाखवण्यासाठी भुसावळच्या सपाट रस्त्यावर फेरी झाली आणि कोड तर त्याआधीच पुसलेला होता.

नवव्या दिवशी त्याच घाटात तोच धूर निघाला. कशीबशी गाडी वळवून चाळीसगावात उतरलो. तेथल्या वयस्क मेकॅनिकने स्कॅनर लावून मला शेजारी बसवले आणि गाडी चढावर नेली. इंजिन मागत असलेला दाब २०० किलोपास्कलच्या वर होता; मिळत होता तो १३० च्या आसपास. परत आल्यावर त्याने हवेच्या वाटेचे तोंड बंद करून कॉम्प्रेसरने बेताची हवा भरली आणि सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी टाकले. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधावे, तसे इंटरकूलरच्या होजखालून बुडबुडे आले. ‘टर्बो चांगला शे सर, नळी फाटेल शे,’ तो म्हणाला.

होज काढल्यावर खालच्या बाजूला बोटभर लांबीची चीर दिसली, आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. बाहेरून दिसू नये म्हणून तिच्यावरून संरक्षक वेष्टन ओढले होते. उष्णता आणि दाब यांनी ती पट्टी नऊ दिवसांत सोडवली होती. म्हणजे जळगावला ती चीर दिसली होती. मग त्याने टर्बोकडे टॉर्च धरला: नट वर्षानुवर्षांच्या गंजात जसेच्या तसे, पान्याची एकही ताजी खूण नाही, घरावर जुन्या धुळीचा थर. टर्बो बदलणे दूरच, तो जागेवरून काढलेलाही नव्हता. नवा होज १,८५० रुपयांना आला आणि मजुरी त्याने ४०० घेतली.

मी तेथेच होज, पट्टी आणि ते नट यांची छायाचित्रे घेतली आणि मेकॅनिककडून पाहणीचा सही केलेला कागद घेतला. जळगावच्या मालकाने आधी आवाज चढवला, मग ‘मुलाकडून चूक झाली’ म्हणून २०,००० रुपये परत केले आणि उरलेल्यांसाठी फोन घेणे बंद केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, नंतर रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, त्यामुळे २६,००० रुपयांसाठी तेथे अर्ज दिला आहे. तो फाटका होज चिकटपट्टीसह पिशवीत बांधून कपाटात ठेवला आहे. सुनावणीच्या पहिल्या तारखेला तो सोबत न्यायचा आहे.