पुन्हा जमलेले दोन बँड: 'सोल इन्विक्टस' की 'इव्हॉल्व्ह'?

ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की कानात 'सोल इन्विक्टस' हा अल्बम लावायचा. दहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खल्लास. खारघर येईस्तोवर संपतोच. तो करणारा अमेरिकन रॉक बँड फेथ नो मोअर 1998 मध्ये फुटला, 2009 मध्ये पुन्हा जमला, पण हा नवा अल्बम यायला 2015 उजाडलं. आधीचा 1997 चा, म्हणजे मधे अठरा वर्षं! मेटल, फंक, रॅप एकाच कढईत परतणारी ही मंडळी इथे मात्र जरा संयमाने वागतात. पियानो हळूच सुरू होतो, गायक माइक पॅटन कुजबुजतो आणि ऐरोली जाईपर्यंत तोच माणूस गुरगुरायला लागलेला असतो. बासिस्ट बिली गूल्डनेच निर्मिती केली, तीही बँडच्या स्वतःच्या सरावाच्या जागेत. त्यामुळे आवाजाला कोंदट, खोलीतला वास आहे. मला तो आवडतो.

'इव्हॉल्व्ह' आपल्या मुंबईचा. 1984 चा रॉक मशीन हा बँड पुढे इंडस क्रीड झाला, 1997 मध्ये थांबला, 2010 मध्ये परतला आणि 2012 मध्ये हा अल्बम आला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया जुने. बास आणि ड्रमवर नवी पोरं. वाजवणं चोख, घोटीव. गाणी ऐसपैस, म्हणून ती गर्दीत नाही, रात्री ठाण्याच्या उपवन तलावाच्या काठावर ऐकावीत.

एकच निवडायचा? आपलेपणा इंडस क्रीडशी, पण फोनमध्ये राहील तो 'सोल इन्विक्टस'. घोटीवपणापेक्षा मला तिरपागडेपणा जास्त भावतो.