झीरो-लॉस ड्रेन: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

भोसरीत आमच्या शॉपमध्ये ५० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे. त्याच्यावर सीएनसी मशिनं आणि पावडर कोटिंगचा बूथ चालतो. हवा दाबून गार केली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं, ते ड्रेनमधून बाहेर काढावं लागतं. मार्चमध्ये रिसीव्हर (हवेची टाकी), प्री-फिल्टर आणि ड्रायर (हवा थंड करून कोरडी करणारं यंत्र) या तिन्ही ठिकाणचे टायमर ड्रेन, म्हणजे ठरावीक वेळाने उघडणारे व्हॉल्व्ह, काढून लेव्हल सेन्सरवाले झीरो-लॉस ड्रेन बसवले. हे पाणी साचलं तरच उघडतात, हवा वाया घालवत नाहीत. पावसाळा उलटेपर्यंत काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण खरी परीक्षा जुलैतच होते.

आधी पाण्याचा हिशेब. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. आमचा कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर तासाला पावणेचारशे घनमीटरच्या आसपास हवा ओढतो, म्हणजे तासाला नऊ लिटर पाणी. हवा सात बारला दाबून ४० अंशांपर्यंत गार केली की त्यातलं साडेसहा लिटर आफ्टरकूलर (दाबलेली गरम हवा गार करणारा भाग) आणि रिसीव्हरपाशीच पडतं आणि उरलेलं बहुतेक ड्रायर काढतो. आठ तासांच्या शिफ्टला सत्तर लिटर! एप्रिलच्या कोरड्या दुपारी हा आकडा निम्म्याच्याही खाली येतो. टायमरला यातलं काही कळत नाही. जुलैच्या हिशेबाने सेट केला तर एप्रिलमध्ये घोटभर पाणी आणि मागोमाग नुसती हवा. एप्रिलच्या हिशेबाने ठेवला तर जुलैत पाणी थेट हवेच्या लाइनीत. ऋतू बदलला म्हणून टायमरचा नॉब फिरवणारा मेंटेनन्सवाला मी तरी पाहिलेला नाही.

फरक सगळ्यात आधी दिसला तो कोटिंगला. दरवर्षी पावसात गनमध्ये पावडरच्या गुठळ्या व्हायच्या आणि पॅनेलवर बारीक खड्डे उठायचे. यंदा शिफ्ट सुरू होताना होजच्या तोंडासमोर पांढरा टिश्यू धरून बघत होतो. जुलै-ऑगस्टमध्येही तो कोरडाच निघाला. बूथच्या एफआरएलच्या (हवा गाळून दाब नेमका ठेवणाऱ्या युनिटच्या) वाडग्यात पाणी साचणंही थांबलं. वीजबिलातली बचत मात्र वेगळी काढून दाखवता येणार नाही. त्याच सुमारास लाइनीतल्या गळत्याही काढल्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय ड्रेनला देणं बरोबर नाही.

आता कुरकुर. ड्रायरचा ड्रेन सुरुवातीला पाणी सोडेचना. वर पाणी तुंबलेलं, सेन्सरला पत्ताच नाही. बसवून देणाऱ्याने लवचिक होज वापरला होता आणि तो मध्येच खाली झोळून वर चढत होता. ड्रेनच्या पोटातली हवा वर निघायला वाट नसेल तर पाणी खाली उतरत नाही. सरळ उताराचा पाइप टाकला, ड्रेनच्या डोक्यावरून व्हेंट लाइन (अडकलेली हवा परत नेणारी नळी) काढून वरच्या बाजूला जोडली, आणि प्रश्न मिटला. विकत घेताना या व्हेंटचा आग्रह धरा, कोटेशनमध्ये तो बहुतेक नसतोच.

दुसरी गोष्ट गंजाची. रिसीव्हर एमएसचा (साध्या लोखंडाचा) असेल तर पत्रीसारखी खपली सुटते आणि डायफ्रामखाली (ड्रेनचं तोंड उघड-बंद करणाऱ्या रबरी पडद्याखाली) अडकून बसते. मग झीरो-लॉस ड्रेनच दिवसभर हवा सोडतो. आधी बॉल व्हॉल्व्ह, मग स्ट्रेनर (गाळणीची जाळी), मग ड्रेन, असा क्रम ठेवा. गुरुवारच्या सुट्टीला आमचा फिटर स्ट्रेनर उघडून धुतो आणि टेस्ट बटण दाबून बघतो.

आणखी एक गंमत. हा ड्रेन जवळपास आवाज करत नाही. रात्रपाळीच्या ऑपरेटरला ‘फुस्स’ ऐकायची सवय. ऐकू येईना म्हणून तो बायपास (ड्रेनला वळसा घालून पाणी सोडणारा हाताचा कॉक) किंचित उघडा ठेवून जायचा. झीरो-लॉस कुठला, चोवीस तास गळती! शेवटी ड्रेनच्या अलार्म कॉन्टॅक्टवर दारापाशी लाल दिवा जोडला. दिवा लागला तरच बायपासला हात लावायचा, असं सांगून टाकलं.

निघणारं पाणी ताकासारखं पांढरट असतं, कारण त्यात कॉम्प्रेसरचं तेल मिसळलेलं असतं. ते गटारात सोडू नका. टायमरच्या जोरदार फवाऱ्याने तेल-पाणी घुसळून निघायचं. आता सावकाश बाहेर येतं, त्यामुळे ऑइल-वॉटर सेपरेटरमध्ये तवंग लवकर वर येतो.

ड्रेनकडून नको त्या अपेक्षाही ठेवू नका. ड्रायरच्या कंडेन्सरच्या पंखांवर धूळ बसली किंवा रूम तापली की ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते) तीन अंशांवरून वर सरकतो, आणि पुढे लाइनीत पडणाऱ्या पाण्याला या ड्रेनचा काही उपयोग नाही. त्यासाठी मशिनचं टॅपिंग (जोड) हेडरच्या, म्हणजे मुख्य पाइपच्या, वरच्या अंगाने घ्यायचं आणि लाइनीच्या टोकाला ड्रिप लेग (पाणी साचायला खाली काढलेला पाइपचा तुकडा) ठेवायचा. आमच्या ड्रिप लेगना अजून साधे हाताचे कॉकच आहेत आणि ते बदलायचा विचार नाही.

पाच एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर असलेल्याने या खर्चात पडू नये, संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडला की भागतं. वीस एचपीच्या पुढे, तेही दोन-तीन पाळ्या चालत असतील, तर रिसीव्हर आणि ड्रायरला हे ड्रेन लावाच. प्री-फिल्टरचं पाणी थोडंच असतं. तिथला मी आज पुन्हा घेतला नसता.