व्राव्रोना: आर्टेमिस देवीच्या देवळाची भेट

अथेन्सपासून रस्त्याने सुमारे ४० किमी. इफिजेनिया ही ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीकांचा सेनापती, राजा आगामेम्नॉन याची लेक. जहाजांना वारा मिळावा म्हणून बापाने तिला बळी द्यायला काढलं. पुढे आईने बापाला मारलं, भावाने आईला. प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात आर्टेमिस तिला वाचवते आणि ती इथली पुजारीण होते. बाळंतपणात गेलेल्या बायकांची वस्त्रं तिला वाहायची, हे वाचून जीव कळवळतो.

आधी संग्रहालय बघा. लहान मुलामुलींचे संगमरवरी पुतळे तिथेच आहेत; ते न बघता गेलात तर अवशेषांत नुसते दगड दिसतील. मग स्तंभांची ओसरी: तिच्या जेवणाच्या दालनांत प्रत्येकी ११ मंचकांची (आडवं होऊन जेवायच्या बैठकांची) जागा. खांब मात्र विसाव्या शतकात पुन्हा उभारलेले. जमीन पाणथळ, म्हणून बंद बूट हवेत.