वायफाय ‘सुरक्षित’ करता करता २५,६७९ रुपये गेले

संध्याकाळी नेट रखडतं म्हणून इंटरनेटवर शोधून ‘कस्टमर केअर’चा नंबर लावला. तो कंपनीचा नव्हताच. खरा नंबर महिन्याच्या बिलावर छापलेला होता, आणि बिल टीव्हीखालीच पडलं होतं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: फोन उचललेल्या माणसाने टाकायला लावलेलं, आमची स्क्रीन त्याला दाखवणारं अॅप, मग ‘लायसन्स’, मग ओटीपी.

वऱ्हाडातल्या आडगावी आम्ही राहत असलो तरी राऊटरचं, म्हणजे वायफायच्या डब्याचं, सेटिंगचं पान घरात उघडता येत नाही असं नाही. लाज त्याचीच जास्त वाटते. त्या माणसाने तेच पान, १९२.१६८.१.१, उघडायला लावलं, जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवली आणि म्हणाला, या अकरांतले सात हॅकर आहेत. त्यात एक टीव्ही होता, बाकी घरचे अन् शेजारच्या पोरांचे मोबाइल. पासवर्डचा क्यूआर कोड एकाने दुसऱ्याला दाखवत दाखवत अर्धी गल्ली आमच्या नेटवर आली होती. नेट रखडायचं कारण तेवढंच. अनोळखी पत्ते दिसले म्हणून घाबरू नका. अॅन्ड्रॉइड १० पासूनचे फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) देत नाहीत, बनावट देतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट पत्ता समजा. बहुतेक तो घरातलाच फोन निघतो.

सावध व्हायची वेळ इथे होती: ‘सिक्युरिटी लायसन्स’चे १,१८० रुपये भरताना, पिन टाकायच्या आधी, पडद्यावर घेणाऱ्याचं नाव आलं. एका माणसाचं नाव. कंपनीचं नव्हे. चांगलं दोन-तीन सेकंद ते समोर होतं, वाचलंही, आणि तरी पिन टाकला. १,००० अधिक १८ टक्के जीएसटी हा हिशेब त्याने इतका चोख सांगितला की पुढे विचारावंसंच वाटलं नाही. वायफायच्या सुरक्षेला लायसन्स लागत नाही हो! डब्ल्यूपीए२, म्हणजे वायफायचं कुलूप, राऊटरमध्ये आधीपासून असतं, फुकट.

मग म्हणे हे पैसे परत मिळतात, त्यासाठी कार्डाचा नंबर टाका. आलेला ओटीपी त्याला सांगावाही लागला नाही, पडदा तोच पाहत होता. १८,००० गेले. कापसाचा चुकारा चार दिवसांपूर्वीच खात्यात पडला होता. ४ वाजून ३८ मिनिटांनी बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड बंद करायला सांगितलं. ४ वाजून ५१ मिनिटांनी आणखी ६,४९९ गेले.

असं झालं तर आधी फोनचा डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करा, अॅप काढा, दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा. राऊटर नंतर. आमच्या राऊटरमध्ये त्याने रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राऊटर चालवायची सोय) सुरू केलं होतं आणि डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता बदलला होता. नुसता वायफायचा पासवर्ड बदलून हे जात नाही. आधी अॅडमिनचा पासवर्ड बदला, रिमोट बंद करा, डीएनएस ऑटोमॅटिकवर आणा, पोर्ट फॉरवर्डिंगची (बाहेरून घरातल्या उपकरणांकडे उघडलेल्या वाटांची) यादी रिकामी करा. मग सुरक्षा डब्ल्यूपीए२, एईएस. टीकेआयपी ही जुनी, कच्ची पद्धत ठेवू नका. त्याहून नवं डब्ल्यूपीए३ लावल्यावर जुने फोन जोडत नसतील तर दोन्हींचं मिश्र निवडा. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंदच करा, त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत फुटतो. नेटवर्कचं नाव लपवून काही होत नाही.

घाईघाईने रिसेटच्या भोकात टाचणी खुपसू नका. फायबरच्या डब्यातून पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लाइनला जोडायचं, नाव-पासवर्डही पुसलं जाऊ शकतं, मग लाइनमनची वाट बघत बसा.

पोलीस ठाण्यात गेलो तर उत्तर मिळालं, “सायबरचं इथं होत नाही, जिल्ह्याला जा.” एसटीने ४६ किलोमीटर. तिथे विचारलं, १९३० चा तक्रार क्रमांक कुठे? तो दिला, तर बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह हवं. परत ४६. बँकेत शिक्का मारणारा साहेब रजेवर. दुसऱ्या दिवशी भेटला, तर म्हणतो, “ओटीपी तुम्हीच काऊन दिला?” दिला नाही साहेब, दिसला. आणि ४:३८ नंतरचं काय? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे: ग्राहकाने कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. ते छापून टेबलावर ठेवलं. त्याने त्यावर चहाचा कप ठेवला. लेखी पोच मागितली तर “सिस्टिम बंद आहे.” बँकेला लावलेल्या कॉलचा स्क्रीनशॉट तेवढा जपून ठेवला होता म्हणून बरं, तुम्हीही पहिल्या मिनिटाला तोच काढा.

तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा नंबर १४४४८. आज चौतिसावा दिवस. तक्रार ६,४९९ रुपयांचीच टाकली आहे. बाकीचे १९,१८० आमच्याच हाताने गेले, असं त्या फॉर्ममध्ये लिहावं लागलं.