ऑलवेज-ऑन की बूट-ऑन? डिव्हाइस ट्रीमधला नेहमीचा घोळ

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डवर कोणतं हार्डवेअर आहे हे कर्नलला सांगणारी फाइल. त्यात व्होल्टेज पुरवणाऱ्या रेग्युलेटरला ऑलवेज-ऑन आणि बूट-ऑन अशा दोन प्रॉपर्टी लावता येतात. दोन्ही नावं ऐकून वाटतं एकच काम करत असतील, पण तसं नाहीये. रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन लिहिलं की लिनक्स कर्नल ती रेल (म्हणजे त्या रेग्युलेटरची पॉवर लाइन) स्वतःहून कधीच बंद करत नाही, कोणी वापरो वा न वापरो. सीपीयू कोअर, डीडीआर मेमरी यांना हेच पाहिजे, तिथे डोकं लावायचंच नाही.

बूट-ऑन म्हणजे फक्त एवढंच की बूटच्या वेळी रेल चालू आहे किंवा चालू करायचीये. पुढची जबाबदारी ड्रायव्हरची. आणि कोणत्याच ड्रायव्हरने ती रेल मागितली नसेल तर बूटनंतर साधारण ३० सेकंदांनी कर्नल साफसफाईला निघतो आणि खटकन बंद करतो. माझ्या बोर्डवर यूएसबी हबच्या ३.३ व्होल्टला मी बूट-ऑन टाकलं होतं, हब मस्त दिसायचा, अर्ध्या मिनिटात गायब, मी दोन दिवस केबली बदलत बसलो आणि लॉगमध्ये त्या रेलच्या नावापुढे ‘डिसेबलिंग’ असं चक्क लिहिलेलं होतं!

मग ऑलवेज-ऑन ठोकलं, चाललं. पण तो जुगाडच, कारण बॅटरीवरच्या बोर्डात अशी रेल फुकट करंट खात राहते. नीट उपाय म्हणजे हबच्या नोडमध्ये (डिव्हाइस ट्रीमधल्या त्याच्या नोंदीत) सप्लाय प्रॉपर्टी देऊन रेल जोडायची, अर्थात ड्रायव्हर ती वाचत असेल तरच. नसेल वाचत तर ऑलवेज-ऑन, बिनधास्त. आणि हो, व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये लिहा, ३३०० नाही, ३३०००००.