खेळात शिरायचं कसं: थेट विचारून की हळूच मिसळून?

मधल्या सुट्टीत चार-पाच मुलांचा चेंडूचा खेळ रंगलाय आणि वर्गात नव्याने आलेल्या मुलाला त्यात जायचंय. वाटा दोन.

थेट जाऊन "मला पण घ्या ना" म्हणायचं. मोठी माणसं हेच शिकवतात. पण या प्रश्नाला "नाही" म्हणणं फार सोपं असतं. खेळ थांबतो, सगळे वळून बघतात. वर "मला याहून भारी खेळ येतो" असं म्हटलं, की संपलंच.

दुसरी वाट: थोडा वेळ कडेला उभं राहून खेळाचे नियम हेरायचे, लांब गेलेला चेंडू आणून द्यायचा, चांगल्या फटक्याला दाद द्यायची आणि हळूहळू आत सरकायचं. मार्था पुतालाझ आणि जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली दुसरी-तिसरीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्गात फारशी न आवडणारी मुलं गटात शिरताना स्वतःबद्दल बोलत, प्रश्न विचारत, वाद घालत. थोडक्यात, चाललेलं सोडून लक्ष आपल्याकडे ओढत.

माझा कौल दुसऱ्या वाटेला. मात्र लाजाळू मूल कडेलाच अडकतं, सुट्टी संपली तरी. त्याला चेंडू आणून देण्यासारखं नेमकं काम सुचवावं लागतं. आणि समोर एकच मूल रिकामं बसलं असेल तर सरळ विचारावं, तिथे मोडायला खेळच नसतो. नकार तर सगळ्यांच्या आवडत्या मुलांनाही मिळतो.