स्पीड पोस्ट, नोंदणी आणि पोच: सोसायटीच्या अर्जांचा आठ महिन्यांचा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रोडवर आमची सोसायटी आहे, मी तिचा सचिव. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तेव्हा 'आता आपली रजिस्टर एडी, म्हणजे सहीची पोच परत आणणारी सोय, गेली' म्हणून मी खरंच धास्तावलो होतो. ऑक्टोबरपासून सहा लिफाफे पाठवले आणि ती धास्ती बरीच कमी झाली.

दर परवडतो. लोकल स्पीड पोस्टला 50 ग्रॅमपर्यंत 19 रुपये, नोंदणीचे वेगळे 5, त्यावर जीएसटी. नोंदणी घ्याच, कारण मग लिफाफा ज्याच्या नावाचा त्याच्याच किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हातात जातो. पोच, म्हणजे घेणाऱ्याची सही होऊन आपल्याकडे परत येणारं कार्ड, मात्र खिडकीवर आपण होऊन मागावी लागते. ओटीपीवाली डिलिव्हरी सरकारी कार्यालयासाठी कामाची वाटली नाही. तिथे मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा?

या सगळ्याचा कस जानेवारीत लागला. गेटजवळचा गुलमोहर रस्त्याकडे कलला होता. शाळेची बस त्याच्याच खाली थांबते, त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तो तोडण्याच्या परवानगीचा महापालिकेकडचा अर्ज 7 जानेवारीला टाकला. ट्रॅकिंगवर 9 तारखेला 'डिलिव्हर्ड' दिसलं. फेब्रुवारीत चौकशीला गेलो तर टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "सचिवसाहेब, तुमचा अर्ज 27 तारखेला आलाय. दिवस तिथून मोजायचे." सरळ 18 दिवस गायब!

मोबाइलवरचं ट्रॅकिंग दाखवलं. ते म्हणाले, लिफाफा आला असेल, त्यात अर्जच होता कशावरून? प्रश्न रास्त होता. ट्रॅकिंगवर तारीख कळते, आत काय होतं ते कळत नाही. मी खिशातून पोचेचं कार्ड काढलं. टाकतानाच त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'वृक्षतोड परवानगी अर्ज, दि. 7/1/2026, पाने 6'. लिफाफ्यावरही तेच. त्या मजकुराच्या खाली सही आणि बारनिशीचा, म्हणजे कार्यालयात आलेलं टपाल घेणाऱ्या शाखेचा, जांभळा गोल शिक्का, 9 जानेवारीचा. शिक्क्याची कड थोडी फाकली होती, पण 9 स्पष्ट होता.

तरी खात्री हवी म्हणून 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात त्या दिवसाच्या आवक नोंदवहीच्या पानाची प्रत मागितली. ती 30 दिवसांच्या आत मिळाली आणि उलगडा झाला. मुख्य बारनिशीत नोंद 9 ची, संबंधित विभागाच्या वहीत 27 ची. मधले दिवस कागद त्यांच्याच इमारतीत पडून होता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खालच्या सेवांचीही मुदत अर्ज मिळाल्यापासून मोजतात, आणि विभागाच्या टेबलावर कागद उशिरा पोचला तर ते अर्जदाराने का सोसायचं? मी लेखी विनंती दिली, तारीख दुरुस्त झाली.

आता थोड्या तक्रारी. एका कार्डावर नुसती वेडीवाकडी सही आली, तारीख नाही, शिक्का नाही. असं कार्ड जवळपास निकामी. दुसरं एक परत यायला तीन आठवडे लागले. म्हणून 'डिलिव्हर्ड' दिसताच त्या पानाची छापील प्रत काढतो आणि पोस्टाच्या पावतीला टाचतो. पावतीची आधी झेरॉक्स करा, तिच्यावरची छपाई उन्हात उडते. पत्ता पदनामाने लिहा, नावाने नको. अधिकारी बदलून गेले की लिफाफा परत येतो.

ज्यांना जमतं त्यांनी स्वतः जाऊन दुय्यम प्रतीवर शिक्का घ्यावा, त्याला तोड नाही. पण आमच्या समितीत निम्मे जण सत्तरीचे आणि बाकीचे नोकरीवाले. आमच्यासाठी पोस्टच बरं.

परवानगी मार्चमध्ये आली. एका रविवारी झाड उतरवलं, आणि ते कार्ड मी फाइलमध्ये परवानगीच्या पत्राशेजारी लावलं आहे.